किसन गुल्हाने हयात आहे काय?

दारव्ह्याच्या कोर्टात वकिली करणाऱ्या अपेक्षा भगतला दोन प्रकारची माणसं ओळखत. एक तिचे पक्षकार आणि दुसरे रविवारचा पेपर वाचणारे. यवतमाळच्या एका दैनिकात ती हायकोर्टाच्या निकालांवर लिहायची. आपल्या भागातल्या एखाद्या अपिलाचा निकाल नागपूर खंडपीठात लागला, की ती तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची आणि कोर्टाची भाषा बाजूला ठेवून साध्या मराठीत सांगायची. भांडण कशाचं होतं, खाली काय ठरलं, वर ते का टिकलं नाहीतर का पडलं. बार रूममधले जुने वकील तिची थट्टा करत. "मॅडम, तुम्हीच सगळं समजावून सांगितल्यावर आमच्याकडं कोण येईल?" पण रविवारी तेही आधी तिचाच लेख काढून वाचत.

त्या दिवाळीनंतर तिनं बोरी अरबच्या एका दाव्यातल्या दुसऱ्या, हायकोर्टातल्या अपिलावर लिहिलं. विमल किसन गुल्हाने विरुद्ध सदाशिव गुल्हाने. वीस वर्षांपूर्वी विमलताईंचा नवरा किसन एका सकाळी फवारणीच्या पंपाचा वॉशर आणायला म्हणून नेरला निघाला, तो परत आलाच नाही. पोलिसांत तक्रार झाली, विहिरी उपसल्या, सोयऱ्याधायऱ्यांकडं माणसं पाठवली. काहीच हाती लागलं नाही. सात वर्षं उलटल्यावर विमलताईंनी दावा लावला, की नवरा मेला असं जाहीर करा. कायद्यात तशी सोय आहे. ज्यांना एखाद्याची खबर लागायलाच हवी, त्यांना ती सात वर्षं लागली नसेल, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते.

इथं तसं म्हणणारा एकच होता. किसनचा थोरला भाऊ, सदाशिवराव. किसनच्या वाट्याचं शेत तोच वाहत होता. त्यानं पिंजऱ्यात उभं राहून शपथेवर सांगितलं होतं, की किसन हयात आहे. वावरात येतो. माझ्याशी बोलतो.

पहिल्या कोर्टानं ते मानलं नाही. पहिल्या अपिलात ते मानलं गेलं. गावातला वजनदार, सरळ माणूस, तो खोटं कशाला बोलेल, असं तिथं म्हटलं गेलं. शिवाय विमलताई अजून कुंकू लावतात, गळ्यात मंगळसूत्र आहे, मग नवरा मेला यावर त्यांचा स्वतःचा तरी विश्वास कुठं आहे? हायकोर्टानं हे सगळं पुसून टाकलं. मंगळसूत्र म्हणजे कबुली नव्हे. आणि अख्ख्या गावात दुसऱ्या कोणालाही न दिसलेला माणूस एका भावाच्या तोंडच्या शब्दांवर जिवंत ठरत नाही.

अपेक्षानं निकालाची बाजू घेतली, आणि जरा धारदारच घेतली. "जो माणूस हितसंबंध असलेल्या एकाच डोळ्याला दिसतो, त्याला कायद्यानं पाहिलेलं नाही," असं तिनं लिहिलं. पेपरवाल्यांनी ते वाक्य चौकटीत टाकलं.

त्याच आठवड्यात एका दुपारी एक म्हातारा तिच्या ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला. पांढरा पायजमा, डोक्यावर टोपी, टोपीखालून डोकावणारे पांढरेशुभ्र केस. हातात पेपरची घडी.

"तुमीच का जी अपेक्षाबाई?"

"हो. बसा ना."

"सदाशिव गुल्हाने. बोरीचा." तो बसला नाही. "तुमी मले खोटारडा म्हटलं."

"काका, मी तसं नाही लिहिलं."

"चौकटीत लिहिलं जी."

तो रागावलेला नव्हता. तिला तेच अवघड गेलं. राग असता तर तिला काय करायचं ते कळलं असतं. तिनं पुन्हा खुर्ची पुढं केली, तेव्हा तो टेकला.

"वकील म्हणते, हायकोर्टातच फेरविचाराचा अर्ज टाका, नाहीतर दिल्लीले चला. म्या म्हटलं, थांबा. ज्या बाईनं लिहिलं तिले आधी दाखवतो. तुमी एक डाव वावरात या. डोयानं पाहा. मंग काय लिहाचं ते लिहा."

अपेक्षानं आजवर कधी निकालाच्या कागदाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. पण खोटं बोलणारे साक्षीदार तिनं पुष्कळ पाहिले होते. ते एकतर जास्त सांगतात, नाहीतर सारखं तुमच्या तोंडाकडं पाहत राहतात, पटलं की नाही ते बघायला. या माणसाला तिला पटवायचंच नव्हतं. त्याला तिला नुसतं न्यायचं होतं.

शनिवारी ती स्कूटीवर बोरीला गेली. कापसाची वेचणी जोरात होती. गावाच्या अलीकडं अडाण नदीचा पूल ओलांडून पांदीच्या कच्च्या वाटेनं आत वळलं, की गुल्हान्यांचं वावर लागायचं. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, निंबाखाली सदाशिवराव बसला होता. लांब, वावराच्या दुसऱ्या टोकाला बाया कापूस वेचत होत्या, त्यांचं बोलणं-हसणं इथवर येत होतं.

"विहिरीकडं जाऊन या," तो म्हणाला. "हे पऱ्हाटीतून सरळ."

"तुम्ही चला ना सोबत."

"मी आलो तर म्हणसान, म्याच शिकवून उभा केला कोणी. मी अथीच बसतो."

 ती एकटीच निघाली. ऊन चांगलं कडक होतं. छातीइतक्या उंच पऱ्हाटीतून वाट होती आणि फुटलेली बोंडं दोन्हीकडून दुपट्ट्याला अडकत होती. निम्म्या वाटेत तिच्या लक्षात आलं, की बायांचं बोलणं ऐकू येईनासं झालंय. जेवायला बसल्या असतील, असं तिनं मनात म्हटलं आणि पुढं गेली.

विहिरीच्या कठड्यावर एक माणूस फवारणीचा पंप दुरुस्त करत बसला होता. निळ्या चौकटीचा शर्ट, दाट काळे केस, पस्तिशीच्या आसपासचा. सदाशिवरावाचंच नाक, तीच रुंद हनुवटी. मुलगा असावा.

"पाणी पाह्यजे का जी?" त्यानं मान वर करून विचारलं.

"नको. मला सदाशिवरावांनी पाठवलंय."

"बसला असन निंबाखाली. तो तथीच बसते." तो परत पंपाकडं वळला. "कोर्टातल्या का तुमी?"

"हो."

"काय लागलं मंग?"

घरचाच माणूस, त्याला अजून नीट कळलेलं नाही, असं तिला वाटलं. म्हणून जसं पेपरात सांगायची तसंच तिनं सांगितलं. हायकोर्टानं अपील मंजूर केलं, पहिल्या कोर्टाचा निकाल कायम झाला, विमलताई जिंकल्या.

"म्हंजे तिचं खरं झालं."

"हो."

तो पंपाचा दांडा खालीवर करत राहिला. "वॉशर नाही भेटला," तो शेवटी म्हणाला. "नेरलेही नाही."

तिनं इकडंतिकडं पाहिलं, आणखी कोणी नव्हतं. ती येते म्हणाली आणि वळली. चार पावलं गेल्यावर तिच्या डोक्यात आलं, की एवढा वेळ दांडा खालीवर होत होता, पण त्याचा आवाज होत नव्हता. पत्र्याचा जुना पंप, कुरकुरायला हवा होता. तिनं मागं वळून पाहिलं. पऱ्हाटी उंच होती, कठडा दिसत नव्हता. परत जाऊन बघावं असं काही तिला वाटलं नाही. त्याच वेळी वेचणाऱ्या बायांचं बोलणं पुन्हा सुरू झालं, जणू कोणी मध्येच बंद केलेला रेडिओ लावला.

निंबाखाली पोचल्यावर ती म्हणाली, "काका, तिथं कोणी नाही. तुमचा मुलगा तेवढा पंप दुरुस्त करत बसलाय."

"माह्या तर दोन पोरीच हायेत, बाई. दोघीही सासरी."

तिनं मागं विहिरीकडं पाहिलं.

"निया शर्ट?" त्यानं विचारलं. "चौकटीचा?"

तिनं मान हलवली. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. दोन्ही हात जोडून तो म्हणाला, "पाह्यलं ना? आता तुमी लिहून द्या. शपथेवर. मी एकलाच होतो आजपर्यंत. आता दोघं झालो."

ती तिथून दारव्ह्याला जाऊच शकली नाही. सरळ गावात गेली आणि विमलताईंचं घर विचारत पोचली. विमलताई ओट्यावर सुपात मूग पाखडत होत्या. पन्नाशीची, काटक बाई. कपाळावर ठसठशीत कुंकू. अपेक्षानं आपलं नाव सांगितलं, त्यांनी ऐकलेलं होतं. आत नेऊन पाणी दिलं आणि सूप घेऊन समोर बसल्या.

"ताई, किसनरावांचा फोटो आहे का?"

विमलताईंनी भिंतीकडं बोट केलं. कोणाच्या तरी लग्नातला फोटो होता. नवरा-नवरीच्या मागं उभा राहून एकजण हसत होता. दाट काळे केस, रुंद हनुवटी. अपेक्षानं जवळ जाऊन पाहिलं आणि मग खाली बसली.

"दिसला का तुमाले?" विमलताईंनी विचारलं. शेजारची बाई बाजारातून आली का असं विचारावं, तसं.

"तुम्हाला... तुम्हालाही?"

"येते तो. मलेही दिसते. दुपारून येते."

"मग कोर्टात का नाही सांगितलं?"

"माह्या वकिलानं सांगतलं होतं, विचारलं तेवढंच बोला. कोणी विचारलंच नाही." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. थोरल्या दिराला त्या दादाजी म्हणत. "दादाजी म्हणते, दिसते म्हून जित्ता हाये. मी म्हणतो, दिसते म्हून मेला. जित्ता असता तर घरी नसता आला? माणसाले भूक लागते, बाई. इतक्या वर्षांत त्यानं एक भाकर नाही मांगतली."

अपेक्षाचा हात नकळत स्वतःच्या मनगटावर गेला. नाडी चालू होती. तिला मंगळसूत्राबद्दल विचारायचं होतं, पण तिची नजर पाहून विमलताईंनीच सांगितलं.

"हे का ठेवलं म्हणता? उतरवलं अन् वावरात गेलो, तर तो मले वळखन कसा? माहं कपाळ कोरं पाह्यलं तर भेईन तो. त्याले माहीतच नाही ना, बाई."

"काय माहीत नाही?"

"की तो मेला म्हून."

घरात ऊन तिरपं येत होतं.  "ताई," ती म्हणाली, "त्यांनी मला विचारलं, काय लागलं. मी सांगितलं. तुम्ही जिंकलात म्हणून."

विमलताईंच्या हातातलं सूप खाली टेकलं. "काय म्हणाला?"

"म्हणाले, म्हणजे तिचं खरं झालं."

विमलताई भिंतीला टेकून बसल्या.  मग त्या सांगू लागल्या. त्यांना वावर नको होतं. वावर दादाजींनीच वाहिलं असतं तरी चाललं असतं. त्यांना किसनला आग द्यायची होती. देह नसला तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, तसं. त्यांना लेकरू नव्हतं, आग देणारा घरचा पुरुष एकच, सदाशिवराव. आणि तो म्हणे, जित्त्या भावाला कोणी आग देतं का? "म्हून मी कोर्टात गेलतो. म्हटलं, कोर्टानं मेला म्हटलं तर दादाजी ऐकतीन. तर ते कोर्टाशीच भांडत राह्यले."

परतताना अपेक्षानं गाडी कुठं थांबवली नाही. घरी गेल्यावर त्या रात्री दिवा चालू ठेवूनच ती झोपली. रविवारी तिनं दुसऱ्याच एका निकालावर लिहिलं. संपादकांनी फोन करून विचारलं, लेख या वेळी इतका कोरडा का झाला. तब्येत बरी नाही, म्हणाली.

सदाशिवराव पुढच्या आठवड्यात आला. स्टॅम्पपेपर सोबत घेऊनच. कागद टेबलावर ठेवून त्यानं टोपी काढली आणि मांडीवर घेतली. त्याच्या पांढऱ्या डोक्याकडं पाहताना अपेक्षाला कळलं, की गेले काही दिवस आपण कोणता प्रश्न घोळवतोय.

"काका, मी जे पाहिलं ते शपथेवर सांगेन. मागं हटणार नाही. पण समोरचा वकील उलटतपासणी घेईल. त्याआधी मी तुमची घेते. चालेल?"

"घ्या जी."

"तुमचं वय?"

"बासठ चालू हाये."

"किसनराव किती लहान?"

"सात वर्सांनी."

"म्हणजे आज पंचावन्न. तुमचे केस कधी पिकले?"

तो जरा हसला. "तो गेला त्याच सालापासून लागले पिकाले. चिंतेनं."

"त्यांचे?"

म्हाताऱ्यानं मांडीवरची टोपी उलटी केली.

"काका, विहिरीवरचा माणूस मला तुमचा मुलगा वाटला. पंचावन्न वर्षांच्या माणसाला मी तुमचा मुलगा म्हटलं असतं का? तुम्ही इतकी वर्षं त्यांच्याशी बोलताय. त्यांचा एक तरी केस पांढरा झाला का? तोच शर्ट, तोच पंप. सांगा."

बाहेर कोर्टातल्या पुकाऱ्याचा आवाज आला, कोणाच्या तरी नावानं तीनदा हाक मारली गेली. सदाशिवराव खिडकीकडं पाहत राहिला. तीन कोर्टं झाली होती, दोन्हीकडचे वकील झाले होते, आणि हे कोणी विचारलं नव्हतं.

"मी त्याच्या तोंडाकडं पाहून बोलतच नाही, बाई," तो शेवटी म्हणाला.  "पायाकडं पाहतो. मले वाटे, लाजते तो, घर सोडून गेला म्हून. मंग म्याच वर नाही पाह्यलं." थोड्या वेळानं तो पुन्हा म्हणाला, "नाही, खोटं कायले बोलू. एक डाव पाह्यलं होतं. मंग नाही पाह्यलं."

तो टोपी न घालताच उठला. स्टॅम्पपेपर टेबलावरच राहिला. अपेक्षानं हाक मारली, पण तो जिना उतरून गेला होता.

माघात विमलताईंचा फोन आला. पळसाला फुलं आली होती, पानं मोठ्या मुश्किलीनं जमवली होती. अडाणच्या काठावर सकाळीच सगळे जमले. माणसं थोडीच. पानं आणि काड्या बांधून केलेला माणसाएवढा पुतळा, डोक्याच्या जागी नारळ, वर नवं धोतर. लांबून पाहिलं तर कोणीतरी पांघरूण घेऊन निजलंय असंच वाटत होतं. सदाशिवरावानं डोकं भादरून नदीत आंघोळ केली होती.

गुरुजींनी तिथी विचारली. कोणत्या दिवशी गेले म्हणून संकल्प सोडायचा? सगळ्यांनी अपेक्षाकडं पाहिलं. "कोर्टानं काय लिहिलं?" कोणीतरी विचारलं. कोर्टानं तारीख दिली नव्हती. कायदा माणूस मेला एवढंच धरून चालतो, कधी मेला ते धरत नाही, ते वेगळं सिद्ध करावं लागतं. तिनं तसं सांगितलं.

"थांबा," सदाशिवराव म्हणाला. "मी त्याले इचारून येतो."

कोणी हसलं नाही. तो ओल्या अंगानं पांदीनं वावराकडं गेला. बराच वेळ लागला. नदीचं पाणी जेमतेम वाहत होतं आणि पुतळ्यावरचं धोतर वाऱ्यानं उचललं जात होतं, छाती वरखाली व्हावी तसं. एका बाईनं पुढं होऊन त्यावर दगड ठेवला.

सदाशिवराव परत आला, तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक होता. "आजची धरा," तो गुरुजींना म्हणाला. "त्याले आजच समजलं." मग त्यानं आग दिली. पळस ओला होता तरी लगेच पेटला.

आंघोळी झाल्या, माणसं पांगली. विमलताईंचं कपाळ पुसलेलं होतं, गळा मोकळा. त्या अपेक्षाजवळ आल्या. "चला ना बाई वावरात. एकलीनं जायले भेव वाटते आज."

पऱ्हाटी आता वाळली होती. उशिराच्या तुरीला शेंगा धरल्या होत्या. दोघी विहिरीच्या कठड्यावर बसल्या. दुपार झाली, ऊन कलायला लागलं. पाखरं बोलत होती, लांब कोणाची मोटार चालू होती, सगळे आवाज नीट येत होते. अपेक्षाला ते फार बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाजही वाटली, कारण शेजारी विमलताई वाट पाहत होत्या.

कोणी आलं नाही.

मग विमलताई उभ्या राहिल्या. जन्मात कधी घेतलं नव्हतं ते नाव त्यांनी घेतलं. "किसन!" त्यांनी हाक मारली. "ओ किसन!"

वाळल्या पऱ्हाटीत खसफस झाली आणि पलीकडून एक माणूस उठून उभा राहिला. अपेक्षानं कठडा घट्ट धरला.

"मी हावो, विमल," सदाशिवराव म्हणाला. त्याच्या अंगावर अजून सकाळचंच धोतर होतं. "मीही त्याच्यासाठीच बसलो होतो."

विमलताईंनी डोक्यावर पदर घेतला, आणि मग त्या खाली बसून रडल्या. सदाशिवराव कठड्याच्या दुसऱ्या टोकाला येऊन टेकला. थोड्या वेळानं अपेक्षा उठली आणि कोणाला काही न सांगता गाडीकडं चालू लागली. मागं बोलणं सुरू झालं होतं. इतक्या वर्षांत ती दोघं कोर्टाच्या बाहेर पहिल्यांदाच एकमेकांशी बोलत असावीत. तुरीला अजून एक पाणी द्यायचं का, असं काहीतरी चाललं होतं. एकजण म्हणे द्यावं, एकजण म्हणे नको.

धुऱ्याशी आल्यावर तिला वाटलं, मागं वळून एकदा हात करावा. पण तिनं वळून पाहिलं नाही, कान देऊन ऐकलंही नाही. आवाज दोनच आहेत ना, याची खात्री तिला करायची नव्हती. तिनं गाडी चालू केली आणि पुलाकडं निघाली.